एकाच विषाणूने एक वानर मरतं, दुसरं वाचतं: ते रक्तातच असतं का?

नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या, बी.एस्सी.ला शिकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारलं आहे: "आमच्या धानाच्या बांध्यांत आणि धुऱ्यावरच्या तुरीत काळ्या तोंडाची वानरं येतात, तशी लाल तोंडाची माकडंही येतात. माकडतापाने कर्नाटकात आणि सिंधुदुर्गात वानरं मरतात असं वाचलं. एखादा विषाणू एका जातीला मारतो आणि दुसरीला सोडतो, किंवा एकाच टोळीतली काही मरतात आणि काही वाचतात, हे रक्तातच असतं का? लाल माकड जास्त काटक असतं असं गावात म्हणतात, ते खरं का? मेलेलं वानर दिसलं तर आम्ही काय करावं? आणि यावर प्रकल्प करता येईल का?"

आधी काटकपणाचं बोलतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. मी पशुवैद्य आहे. गुराढोरांसोबत जखमी वानरं-माकडंही माझ्या टेबलावर येत आली आहेत. लाल माकड उपचाराला तग धरतं, पिंजऱ्यात पटकन खाऊ लागतं. वानर धास्ती घेतं, पाल्याशिवाय खात नाही, त्याचं पोट बिघडतं. गावातली समजूत बहुधा अशाच अनुभवातून आली असावी. पण विषाणूच्या बाबतीत सरसकट काटक किंवा सरसकट नाजूक अशी कुठलीच जात नसते. एका विषाणूपुढे ठाम उभी राहणारी जात दुसऱ्यापुढे आठवड्यात आडवी होते. त्यामुळे प्रश्न नेहमी जोडीने विचारावा लागतो: कोणता विषाणू, आणि कोणाचं शरीर?

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच लाल माकडाचं आहे. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत डासांतून पसरणाऱ्या पीतज्वराचं (यलो फीव्हरचं) कारण शोधणाऱ्या डॉक्टरांनी तिथल्या स्थानिक माकडांना रुग्णांचं रक्त टोचून पाहिलं. त्यांना काहीच झालं नाही. मग त्यांनी भारतातली ऱ्हिसस माकडं, म्हणजे तुमच्या तुरीत येतात तीच लाल तोंडाची जात, मागवली. आजच्या घानामधल्या असिबी नावाच्या रुग्णाचं रक्त टोचल्यावर ती पटापट मेली. हा रोग विषाणूचा आहे हे त्यातून सिद्ध झालं. त्या कामातले एड्रियन स्टोक्स यांना त्याच रोगाने मृत्यू आला, आणि असिबीच्या रक्तातल्या त्याच विषाणूपासून पुढे मॅक्स थायलर यांनी १७-डी लस घडवली. त्याबद्दल त्यांना १९५१ सालचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतली माकडं त्या विषाणूसोबत पिढ्यानपिढ्या राहिली होती. ज्यांच्या शरीराला तो झेपला नाही त्यांची पिल्लं मागे उरली नाहीत, उरलेल्यांची संतती आज त्याला जुमानत नाही. भारतात पीतज्वर कधी आलाच नाही, म्हणून आपल्या माकडांच्या वंशात ती निवड झालीच नाही. आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशाकडे विमानतळावर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात तो याच भीतीने. डास आपल्याकडे आहेत, आणि विषाणू अनोळखी असलेली शरीरंही आहेत, माणसांची आणि माकडांचीही.

हेच ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ दरम्यान सगळ्या जगाने पाहिलं. गुलामांच्या जहाजांतून हा विषाणू अमेरिका खंडात पोचला त्याला सुमारे चारशे वर्षं झाली. माकडांच्या पिढ्यांच्या हिशेबात हा काळ फारच थोडा. त्या साथीत मोठ्याने आरोळ्या देणारी हाऊलर जातीची माकडं हजारोंनी मेली, जंगलं अक्षरशः मुकी झाली. शेजारच्या अर्जेंटिनात आधीच्या साथीतून वाचलेल्या हाऊलरांचे जनुक तपासले गेले, तेव्हा टीएलआर-७ आणि टीएलआर-८ या जनुकांतले फरक समोर आले. ही जनुकं पेशीत शिरलेल्या विषाणूचा आरएनए ओळखून धोक्याची सूचना देणारी प्रथिनं बनवतात. सूचना किती लवकर आणि किती जोरात जाते, यावर पुढचं बरंच ठरतं.

आता जनुकांचं काम थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही विज्ञान शिकता आणि "रक्तात असतं" एवढ्यावर तुमचं समाधान होऊ नये.

पहिला टप्पा शिरकावाचा. विषाणूला पेशीवर धरायला काहीतरी लागतं. कोरोनाचा विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरतो. त्या पकडीच्या महत्त्वाच्या १२ जागा माणूस, वानर आणि लाल माकड या सगळ्यांत सारख्याच आहेत. म्हणून ऱ्हिसस माकडाला त्याची लागण होते, आणि म्हणूनच कोव्हॅक्सिनची चाचणी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २० ऱ्हिसस माकडांवर केली. टाळेबंदीत माकडं मिळेनाशी झाली होती. महाराष्ट्राच्या वनखात्याने शोध घेतला आणि ती शेवटी नागपूरच्या परिसरात सापडली. आपल्या भागातल्या त्या प्राण्यांचं हे ऋण फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. अमेरिका खंडातल्या बहुतेक माकडांत मात्र त्या १२ पैकी काही जागा वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यात विषाणूची पकड सैल पडते.

दुसरा टप्पा पेशीच्या आतला, आणि इथे तुमच्या माकडतापाचा धागा लागतो. २००४ साली ऱ्हिसस माकडात ट्रिम-५ अल्फा नावाचं प्रथिन सापडलं. एचआयव्ही पेशीत शिरला की ते त्याच्या कवचाला चिकटतं आणि पुढचं काम थांबवतं. माणसातही ते आहे, पण एचआयव्हीपुढे फारसं चालत नाही. त्याच्या साखळीतल्या ३३२ क्रमांकाच्या जागेवरचा एकच अमिनो आम्ल बदलला, तर माणसाचं ट्रिम-५ सुद्धा एचआयव्हीला अडवू लागतं, हे प्रयोगशाळेत पेशींवर दाखवलं गेलं आहे. एका अक्षराने एवढा फरक पडतो. पुढे २०१९ मध्ये कळलं की हेच प्रथिन गोचिडातून पसरणाऱ्या काही विषाणूंनाही रोखतं. ते विषाणूचं एक आवश्यक एन्झाइम धरून नष्ट करतं, आणि त्या विषाणूंत माकडतापाचा विषाणूही आहे. आग्नेय आशियातल्या पिगटेल्ड माकडात ट्रिम-५ जनुकाची मोडतोड झालेली आहे, ते पूर्ण प्रथिन तिथे बनत नाही. म्हणून माकडतापाचा अभ्यास करायला संशोधकांनी मुद्दाम तीच जात निवडली, आणि त्यांना त्यात मध्यम ते गंभीर आजार दिसला. एकट्या ट्रिम-५ वर सगळं ठरतं असं समजू नका, पण दोन अगदी वेगळ्या विषाणूंच्या गोष्टीत एकच जनुक निघतं हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरा टप्पा एमएचसीचा. लागण झालेली पेशी विषाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवते आणि मारेकरी पेशी ते ओळखून तिला संपवतात. ते तुकडे मांडणारी प्रथिनं एमएचसी जनुकं बनवतात, आणि प्रत्येक प्राण्यात त्यांचा संच निराळा असतो. म्हणजे एकाच टोळीतल्या दोन बहिणीसुद्धा एकाच विषाणूचे वेगवेगळे तुकडे दाखवू शकतात. तुमच्या "काही मरतात, काही वाचतात" या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग इथे आहे. भारतीय वंशाच्या ऱ्हिसस माकडांत मामू-बी ०८ नावाचा एक प्रकार असतो. माकडांच्या एड्सचा विषाणू टोचल्यावर हा प्रकार असलेली सुमारे निम्मी माकडं तो विषाणू स्वतःच्या बळावर आटोक्यात ठेवतात. पण हेही पाहा, की उरलेल्या निम्म्यांना तोच प्रकार असून जमत नाही. चांगल्या जनुकाने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. चिनी वंशाच्या ऱ्हिससमध्ये एमएचसीचा साठा वेगळा आहे, आणि त्याच विषाणूचं प्रमाण त्यांच्या रक्तात सरासरीने कमी राहतं. जात तीच, प्रदेश बदलला की उत्तर बदललं. भारताने १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली, त्यामुळे अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत आज जी भारतीय वंशाची माकडं आहेत ती त्याआधी गेलेल्यांची संतती आहे.

एड्सच्या विषाणूचा विषय निघाला आहे तर तोही पूर्ण करतो. आफ्रिकेत चाळीसहून जास्त जातींच्या माकडांत त्याचे भाऊबंद सापडतात. सूटी मँगाबे नावाच्या माकडाच्या रक्तात तो मुबलक फिरतो, पण ते सहसा आजारी पडत नाही. त्याची प्रतिकारयंत्रणा सुरुवातीला जोर लावते आणि मग शांत होते, शिवाय विषाणूला दार उघडून देणारं सीसीआर-५ हे प्रथिन त्याच्या महत्त्वाच्या पेशींवर फारच कमी असतं. हाच विषाणू बंदिवासात आशियाई ऱ्हिससमध्ये गेला आणि त्यांना एड्ससारखा आजार झाला. १९८५ मध्ये तो ओळखला गेला. नात्याने पाहिलं तर ऱ्हिसस आणि मँगाबे जवळचे, आणि आपलं वानर या दोघांपासून दूरचं, त्या वाटा दीड कोटी वर्षांहूनही आधी फुटल्या. तरी मँगाबे ठणठणीत आणि ऱ्हिसस मरणाच्या दारी. जवळच्या नात्यावरून रोगाचा अंदाज बांधता येत नाही. त्या एका विषाणूशी ओळख किती जुनी, ते पाहावं लागतं. चिंपांझीत या विषाणूचा भाऊबंद मात्र मारक आहे. टांझानियातल्या गोम्बेच्या चिंपांझींत लागण झालेल्यांना मृत्यूचा धोका दहा ते सोळा पट असल्याचं २००९ मध्ये दिसलं.

म्हणजे शांत दिसणारं शरीर नेहमी विषाणूमुक्त असतं असं नाही. लागण वेगळी आणि आजार वेगळा. गावकऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लाल माकडाच्या बाबतीत त्याचा थेट संबंध तुमच्याशी येतो. मॅकाक गटातल्या माकडांत (लाल माकड त्यातलंच) बी-विषाणू नावाचा नागिणीच्या कुळातला विषाणू असतो. त्यांना तोंडात बारीक फोड येतात, बहुतेकदा तेही दिसत नाहीत, आणि विषाणू आयुष्यभर मज्जातंतूंत लपून राहतो. माणसाला तो चाव्यातून किंवा ओरखड्यातून झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दहापैकी सात-आठ जण दगावतात. याच्या उलटही आहे. आपल्या ओठांवर जे साधं "जर उठतं" त्याचा विषाणू दक्षिण अमेरिकेतल्या इवल्या मार्मोसेट माकडांना ठार मारतो. माणसातला बी-विषाणूचा आजार जगातच अत्यंत विरळा आहे, १९३२ पासूनच्या सगळ्या नोंदी मिळून शंभरही भरत नाहीत. त्यामुळे घाबरून माकडांना काठ्या-बंदुकांनी मारायला निघू नका. मात्र चावा साधा समजू नका. तो विषाणू निसर्गात मॅकाकांचा आहे, वानरांचा नाही. रेबीज मात्र दोघांच्याही चाव्यातून होऊ शकतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-तंबाखू भरू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि चावलेलं तोंड लाल होतं की काळं, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता माकडताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मागोमाग माणसं तापाने पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. तिथे मरणारी दोन जातींची माकडं होती: काळ्या तोंडाचं वानर, आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं दक्षिणेतलं बॉनेट माकड. आपलं ऱ्हिसस ते नव्हे. गोदावरी-तापीच्या पट्ट्याच्या वर ऱ्हिसस, खाली बॉनेट अशी ढोबळ विभागणी आहे, आणि विदर्भ त्या सीमेवर आहे. रोग पसरवतात गोचीड, विशेषतः त्यांची बारीक पिल्लं, आणि हंगाम साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंतचा. आजारी वानर मेलं की त्याचं अंग थंड पडतं आणि शेकडो गोचीड त्याला सोडून आसपासच्या पाल्यापाचोळ्यात पसरतात. त्या जागेवरून सरपणाला जाणारा माणूस पुढचा बळी ठरतो. माणसांत मृत्यूचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के आहे. महाराष्ट्रातले उद्रेक २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे झाले. तुमच्या भागात मोहफुलं वेचायचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत येतो, म्हणून हे माहीत असलेलं बरं. जंगलातून आल्यावर अंग तपासायची, कपडे गरम पाण्यात टाकायची सवय तशीही चांगली. विदर्भात स्क्रब टायफस हा ताप पसरवणाऱ्या चिगर माइट्स या बारीक किड्यांपासूनही तीच वाचवते.

सगळंच जनुकांत असतं असंही मानू नका. किती गोचीड चावले, म्हणजे विषाणूची मात्रा किती. प्राणी पिल्लू आहे की म्हातारा. आधी तो रोग होऊन गेलाय का. उन्हाळ्यात खायला-प्यायला मिळालं का, या सगळ्याचा वाटा असतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू १९६५ मध्ये सापडला. तो मुख्यतः लहान मुलांना मारतो, त्याच घरातली मोठी माणसं वाचतात. बापलेकांची निम्मी जनुकं सारखी असूनही वयाने एवढा फरक पडतो. म्हणून टोळीतली तीन वानरं मेली आणि दहा वाचली एवढ्यावरून वाचलेल्यांची जनुकं चांगली, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी माझ्या परीक्षेत नापास होईल.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. धुऱ्यावर एकाच वाणाची तूर असली आणि मर रोग आला की सगळी झाडं एकदम वाळतात, तीन वाण मिसळलेले असले की काही उभी राहतात. टोळ्यांचं तसंच आहे. मॉरिशस बेटावर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी खलाशांनी थोडी माकडं सोडली. आज त्यांची संख्या हजारोंत आहे, पण एमएचसीचे मुख्य संच फक्त सात. संख्या वाढली, वैविध्य वाढलं नाही. आपल्याकडे वयात आलेले नर टोळी सोडून दुसरीकडे जातात आणि त्यांच्यासोबत जनुकं फिरतात. जंगलाचे तुकडे पडले, मधे चौपदरी रस्ते आणि कुंपणं आली, की हे फिरणं थांबतं. वानरं डोळ्यांना भरपूर दिसतील, पण नवा विषाणू आला तर टिकून राहणारी किती असतील ते संख्येवरून कळणार नाही. आणि एका गावची "त्रासदायक" माकडं पकडून ट्रकने दुसऱ्या जंगलात सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. तपासणी न करता सोडलेल्या माकडांसोबत त्यांचे विषाणू आणि गोचीडही तिथल्या टोळ्यांत जातात. गावाने ठराव करून अशी मागणी केली की मी नेहमी विरोध करत आलो आहे, पुढेही करीन.

मेलेलं वानर दिसलं तर. आपल्या भागात बहुतेक वेळा कारण विजेची तार, रस्त्यावरची धडक, फवारलेलं विष किंवा उन्हाळ्यातलं पाण्याचं दुर्भिक्ष असतं. पण काही दिवसांत एकाच परिसरात दोन-तीन मेली आणि अंगावर जखम नसली, तर ती विषाणूची सूचना समजा. हात लावू नका, श्रद्धेने उचलून मिरवणूक काढून पुरू नका. मारुतीचं रूप म्हणून गावकरी हे मनापासून करतात आणि मला त्या भावनेचा आदर आहे, पण त्या वेळी अंगावर चढणारे गोचीड कोणाची श्रद्धा पाहत नाहीत. गुरं त्या बाजूला चरायला सोडू नका. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. शव ताजं असेल तरच तपासणीतून काही हाती लागतं, म्हणून उशीर करू नका.

प्रकल्प नक्की करता येईल, आणि त्यासाठी वानराला हातही लावावा लागत नाही. ताज्या लेंड्यांच्या बाहेरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात. त्या अल्कोहोलमध्ये जपल्या तर त्यातून डीएनए निघतो आणि एमएचसी किंवा ट्रिम-५ चे प्रकार वाचता येतात. सकाळी टोळी झाडावरून उतरते तेव्हा कोणती लेंडी कोणत्या प्राण्याची हे पाहून नमुना घ्यायचा, दोन हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून. एकाच प्राण्याचे नमुने दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून आधी काही आठवडे टोळी ओळखायला शिका: कान फाटलेली मादी, शेपटी तुटलेला नर, असं वहीत टिपून ठेवा. जंगलात नमुने घ्यायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच आहे, महाविद्यालयाच्या पत्रावर तुमच्या प्राध्यापकांमार्फत अर्ज करा. बी.एस्सी.च्या पातळीवर जनुकं वाचायचा खर्च झेपणार नाही. पण महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या टोळ्यांची नीट गणती, नर कुठून कुठे जातात त्याच्या नोंदी आणि योग्य रीतीने जपलेले नमुने एवढं तुम्ही केलंत, तर पुढचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेला ते हवंच असेल. सुरुवात पानगळ झाल्यावर करा. तेव्हा झाडोरा विरळ असतो आणि टोळी नजरेत राहते.